एमएलएमचा (मल्टिलेव्हल मार्केटिंग, म्हणजे माणसं जोडत माल विकण्याचा) प्लॅन ‘सगळ्यांना सारखा’ असतो, मग तो न्याय्य का नाही?

प्रश्न असा आहे: “माझा मावसभाऊ एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत आहे. १०,००० रुपयांचं प्रॉडक्ट पॅकेज घेऊन जॉइनिंग, मग डावी-उजवी बाजू, प्रत्येक पेअरला १,००० रुपये. दर महिन्याला १,५०० रुपयांची रिपर्चेस (पुन्हा खरेदी) केली तरच आयडी अ‍ॅक्टिव्ह राहतो. तो म्हणतो, प्लॅन सगळ्यांना एकच आहे, आज जॉइन झालेला माणूसही वरच्यापेक्षा जास्त कमावू शकतो, आणि नोकरीत तरी काय वेगळं असतं, साहेब वर आणि आपण खालीच की. मला त्याचं म्हणणं पटत नाही, पण खोडताही येत नाही. मोबदल्याची अशी रचना न्याय्य म्हणायची का? आणि न्याय्य असेल ती ओळखायची कशी?”

मी हिशेब तपासणारा माणूस. डायरेक्ट सेलिंग कंपन्यांचे पेआउट जुळवणं, टीडीएस, जीएसटी, वर्षअखेरीचं ऑडिट हे काम बरीच वर्षं केलं. अलीकडे अशा कंपन्यांत पैसे अडकलेली माणसंही कागदांची पिशवी घेऊन येतात. त्यामुळे हॉलमध्ये पडद्यावर दाखवतात तो प्लॅनही माहीत आहे आणि सर्व्हरवर प्रत्यक्ष चालतो तोही.

तुमच्या भावाचं पहिलं वाक्य खरं आहे. नियम सगळ्यांना एकच असतात. पण त्या नियमांनी निकाल काय लागणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि ते वही-पेन घेऊन दहा मिनिटांत तपासता येतं. त्याच्याच प्लॅनचा हिशेब करू. पेअर म्हणजे डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक माणूस यांची जोडी. कंपनीला जितकी सवलत देता येईल तितकी देऊ: प्रत्येकाने बरोबर दोन माणसं आणली, कोणीही सोडून गेलं नाही, डावी आणि उजवी बाजू तंतोतंत जुळली. प्रत्यक्षात असं झाड कुठेही उगवत नाही, तरी धरून चालू.

दहा पातळ्या भरल्या की १,०२३ माणसं होतात. जमा रक्कम १ कोटी २ लाख ३० हजार. सगळ्यात खाली ५१२ जण. त्यांच्याखाली कोणीच नाही, त्यामुळे मिळकत शून्य. त्यांच्या वरच्या पातळीवर २५६ जण, प्रत्येकाची एक पेअर, म्हणजे हजार रुपये. त्यावर १२८ जण, दोन्हीकडे तीन-तीन माणसं, तीन हजार. त्यावर ६४ जण, सात हजार. इथवर ९६० माणसं झाली आणि त्यातल्या एकाचेही भरलेले दहा हजार सुटलेले नाहीत. त्यांच्यावरचे ६३ जण मात्र नफ्यात. कंपनीने एकूण ४,०९७ पेअरचे ४० लाख ९७ हजार वाटले, त्यातले ३० लाख ९ हजार या ६३ जणांकडे गेले. ९६० जणांनी ९६ लाख भरले आणि सगळ्यांना मिळून १० लाख ८८ हजार परत आले. रिपर्चेसचे वर्षाला १८,००० या हिशेबात धरलेलेच नाहीत.

भाऊ म्हणेल, झाड अजून वाढू द्या. वाढू द्या. अकरावी पातळी भरली की त्या ५१२ जणांना हजार-हजार मिळतील आणि १,०२४ नवी माणसं शून्यावर येऊन बसतील. वीस पातळ्या झाल्या तर साडेदहा लाखांच्या आसपास माणसं होतील आणि तेव्हाही सुमारे ९४ टक्के लोक तोट्यातच असतील. झाड कुठल्याही दिवशी थांबवा, प्रमाण तेच. ‘आज आलेला वरच्यापेक्षा जास्त कमावू शकतो’ हे एका माणसापुरतं खरं असतं. पण त्याने कमवायचं तर त्याच्याखाली पुन्हा तितकेच शून्यवाले आणि हजारवाले लागतात. मेहनत केल्याने तुम्ही कोणत्या गटात जाल हे बदलेल, गटांचा आकार बदलत नाही. ‘जे मेहनत करत नाहीत तेच फेल होतात’ हे वाक्य त्यामुळेच खोटं आहे. हजारातल्या हजार जणांनी जिवापाड मेहनत केली तरी ९६० जण तिथेच राहतात.

हे झालं आदर्श झाड. खरं झाड एका बाजूला कललेलं असतं. अपलाइन, म्हणजे साखळीत आपल्या वरचा माणूस, सांगतो, “तुझी एक बाजू आम्ही भरतो, वरून माणसं पडतील, तू फक्त दुसरी बाजू बघ.” याला स्पिलओव्हर म्हणतात. ऐकायला दान वाटतं. प्रत्यक्षात वरून भरलेल्या बाजूत, म्हणजे पॉवर लेगमध्ये, शंभर माणसं असली आणि दुसऱ्या लेगमध्ये चार असली तर पेअर चारच लागतात. उरलेल्या ९६ जणांची उलाढाल काही प्लॅनमध्ये पुढच्या आठवड्यात कॅरी फॉरवर्ड होते, काहींत फ्लश आउट होते, म्हणजे हिशेबातून पुसली जाते. पण त्या ९६ जणांनी भरलेले पैसे पुसले जात नाहीत, ते कंपनीकडे राहतात. मी पाहिलेल्या पेआउट शीटमध्ये कंपनीची कमाई अशा न जुळलेल्या पेअरमधून आणि महिन्याची रिपर्चेस चुकल्याने बंद पडलेल्या आयडींमधून चांगलीच होत असे. प्लॅन बनवणाऱ्याला हे माहीत असतं. पडद्यावर ‘आम्ही ४५ टक्के वाटतो’ लिहिलेलं असतं, सर्व्हरवर मात्र हातात पडणारा आकडा त्याहून बराच खाली येईल हे गृहीत धरूनच बजेट केलेलं असतं.

कॅपिंगबद्दल लोकांना मोठा गैरसमज आहे. दिवसाला दहा पेअरपेक्षा जास्त पैसे नाहीत, अशी मर्यादा असली की वाटतं, बरं झालं, वरच्यांना लगाम आहे. लगाम असतो, पण वाचलेले पैसे खालच्यांना मिळत नाहीत, कंपनीच्या तिजोरीत राहतात. शिवाय मुरलेले लीडर सुरुवातीलाच बायको, भाऊ, मेहुणा यांच्या नावाने तीन किंवा सात आयडी एकाखाली एक टाकून ठेवतात, म्हणजे एकच माणूस अनेकदा कॅपिंगपर्यंत पोचतो. आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते हे: दुसऱ्या कंपनीतून फोडून आणलेल्या मोठ्या लीडरशी वेगळं ‘सेटिंग’ केलेलं असतं. ठरावीक मासिक रक्कम, तयार रँक, कधी तयार डाउनलाइनच्या (खालच्या साखळीच्या) माथ्यावरची जागा. तेव्हा ‘प्लॅन सगळ्यांना एकच’ हेही नेहमी खरं नसतं. स्टेजवरचा माणूस ज्या प्लॅनचे गोडवे गातो, त्याच प्लॅनवर तो जगतोय का, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही.

आता नोकरीच्या उदाहरणाकडे येऊ, कारण ते दर सेमिनारमध्ये येतं आणि चांगले शिकलेले लोक त्यावर माना डोलवतात. कारखान्यात मालक वर आणि कामगार खाली हे बरोबर. पण कामगाराचा पगार आधी होतो, नफा नंतर. त्याला किमान वेतनाचा कायदा आहे, पीएफ आहे. यंत्र विकत घेऊन कामाला यावं लागत नाही, आणि साहेबाचा पगार कामगाराने भरलेल्या फीमधून होत नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडचा पिग्मी एजंट बघा. दुकानादुकानातून रोजचे पन्नास-शंभर गोळा करतो आणि त्या ठेवीवर कमिशन घेतो. विमा एजंटाचं कमिशन पॉलिसीधारकाच्या हप्त्यातून येतं. दोघांनाही पैसे मिळतात ते सेवा घेणाऱ्या ग्राहकामुळे, आणि ग्राहकाने स्वतः एजंट व्हायची गरज नसते. विम्यात तर २०१५च्या दुरुस्तीने विमा कायद्यात कलम ४२ए घालून मल्टिलेव्हल मार्केटिंगवर सरळ बंदी आणली. विक्रीवरचं कमिशन तसंच चालू राहिलं. साखळी जोडून पॉलिसी विकणं तेवढं बंद केलं. फरक नेमका कुठे आहे हे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं.

माझं मत इथेच आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही. रचना न्याय्य आहे का हे ठरवायला वरच्याला किती टक्के आणि खालच्याला किती टक्के हे बघून फारसं हाती लागत नाही. वाटला जाणारा रुपया आला कुठून, ते बघा. नेटवर्कबाहेरच्या, कमिशनची आस नसलेल्या गिऱ्हाइकाने वस्तू आवडली म्हणून दिला असेल, तर त्याची वाटणी कमी-जास्त न्याय्य असू शकते, त्यावर वाद घालता येतो. तो रुपया आत आलेल्याच माणसाने जॉइनिंग किंवा ‘आयडी चालू ठेवणं’ म्हणून भरला असेल, तर कितीही सुबक स्लॅब आखा, वरच्याचा नफा आणि खालच्याचा तोटा हे एकाच नोंदीचे जमा-नावे आहेत.

“पण आमच्याकडे प्रॉडक्ट आहे ना,” हे यावरचं ठरलेलं उत्तर. प्रॉडक्ट असणं पुरेसं असतं तर स्पीक एशियाकडेही होतं. ११,००० रुपये भरून ऑनलाइन मासिकाची वर्गणी घ्यायची आणि आठवड्याला दोन सर्व्हे भरून हजार रुपये कमवायचे, वर माणसं जोडली तर आणखी. २०११ मध्ये मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेने त्यात हात घातला तेव्हा देशभर लाखो लोक त्यात होते. ते मासिक वाचायला म्हणून कोणी पैसे भरले असतील असं मला वाटत नाही. तुमच्या भावाला एकच विचारा: प्लॅन उद्या बंद झाला, कमिशन शून्य झालं, तर हे पॅकेज दहा हजाराला कोण घेईल? बाहेरच्या दुकानात त्या दर्जाचा माल तीन हजाराला मिळत असेल, तर उरलेले सात हजार म्हणजे प्रवेश फी आहे, पावतीवर काहीही लिहिलेलं असो.

कायदाही याच वाटेने चालतो. १९७८चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट माणसं जोडण्यावर अवलंबून असलेल्या झटपट पैशाच्या योजना गुन्हा ठरवतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अ‍ॅमवेच्या प्रकरणात डाउनलाइनच्या खरेदीवर मिळणारं कमिशन प्रथमदर्शनी याच कायद्यात बसतं असं म्हटलं, आणि त्या कंपनीकडे तर खरीखुरी उत्पादनं होती. २०१६ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. त्यांत पिरॅमिड आणि मनी सर्क्युलेशनला मनाई आहे, प्रवेश शुल्क घेता येत नाही, आणि कूलिंग-ऑफ म्हणजे करार केल्यावर ठरावीक मुदतीत माघार घेण्याची सोय द्यावी लागते. ‘आमची कंपनी सरकारमान्य आहे’ हे मात्र प्रत्येक बैठकीत ऐकाल. कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, पॅन यांच्या झेरॉक्स फिरवतात. हे कागद किराणा दुकानालाही असतात. त्यांनी प्लॅन तपासला गेला असं होत नाही.

डावी-उजवी बाजू जुळवणारी बायनरी योजना सोडून दुसरी मोठी जात म्हणजे स्लॅबवाली, डिफरन्शियल योजना. जुन्या, नावाजलेल्या कंपन्या बहुधा याच वळणाच्या. ती अधिक प्रतिष्ठित दिसते, कारण पैसे जॉइनिंगवर न मिळता मालाच्या उलाढालीवर मिळतात. गटाची उलाढाल वाढेल तसा टक्का ३ वरून चढत २१ पर्यंत जातो, आणि वरच्याला आपला टक्का वजा खालच्याचा टक्का एवढा फरक मिळतो. समजा एका ताईंनी महिन्यात ५,००० रुपयांचा माल उचलला. त्या ३ टक्क्यांवर आहेत, त्यांना १५० रुपये. उरलेले १८ टक्के, म्हणजे ९०० रुपये, वरच्या साखळीत वाटले गेले. माल ज्यांनी घेतला, बहुधा घरीच वापरला किंवा शेजारणीच्या गळ्यात मारला, त्यांना १५०. ज्यांना ती विक्री झाल्याचं महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये कळलं, त्यांना ९००. यावर ‘लीडरने ट्रेनिंग दिलं त्याचा मोबदला’ असं उत्तर मिळतं. मग ट्रेनिंगच्या सेमिनारला वेगळं तिकीट का असतं, हेही विचारा.

किरकोळ नफ्याचंही तसंच. कागदावर वितरकाला एमआरपीवर वीस-पंचवीस टक्के मार्जिन असतं. पण टार्गेटसाठी उचललेला माल पडून राहिला की लोक तो मिळेल त्या भावाला काढतात, आणि तोच डबा ऑनलाइन वितरकाच्या खरेदी किमतीच्या आसपास दिसू लागतो. हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. डायरेक्ट सेलिंग कंपन्यांना २०१९ मध्ये ऑनलाइन विक्रीविरुद्ध मिळालेला मनाई हुकूम जानेवारी २०२० मध्ये खंडपीठाने उठवला आणि २०१६ची तत्त्वं हा बंधनकारक कायदा नाही असं सांगितलं. कायद्याची बाजू काहीही असो, ज्या मालाचा वितरकच घाऊक भावात तो विकून मोकळा होतो, त्याला मागणी कुणाची होती हे उघड आहे.

आकडे लागतील म्हणून दोन देतो. या व्यवसायाच्या संघटनेच्याच अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशात साधारण २२ हजार कोटींची डायरेक्ट सेलिंग विक्री झाली आणि विक्रेते होते सुमारे ८८ लाख. भागाकार करा. माणशी वर्षाला २५ हजार, महिन्याला दोन हजारांच्या आसपास. ही विक्री आहे, उत्पन्न नव्हे. एका घराचा शाम्पू, टूथपेस्ट आणि प्रोटीनचा डबा यातच हे दोन हजार संपतात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये ७० कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली उत्पन्नाची विवरणं तपासली. त्यात बहुतेक सहभागींची कमाई वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, आणि तीही खर्च वजा न करता.

मोठी टक्केवारी वाटली म्हणजे रचना चांगली, असंही नाही. ईडीने एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅमवे इंडियाची ७५७ कोटींची मालमत्ता जप्त करताना सांगितलं की जवळपास वीस वर्षांत २७,५६२ कोटी गोळा झाले आणि ७,५८८ कोटी कमिशन म्हणून वाटले गेले. हे तपास यंत्रणेचं म्हणणं आहे, अंतिम निकाल नव्हे. पण चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा कमिशनमध्ये जात असेल, तर तो मालाच्या किमतीतच बसवलेला असणार, आणि ती किंमत सगळ्यात खालचा माणूस पूर्ण मोजतो, हे समजायला ईडीची गरज नाही.

मग न्याय्य रचना कशी असते? कोरी कल्पना करायला नको, एक नमुना आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत हर्बालाइफने फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. २० कोटी डॉलर भरले, आणि तिथला प्लॅन बदलावा लागला. वितरकाला मिळणाऱ्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश हा पावतीनिशी सिद्ध झालेल्या, बाहेरच्या ग्राहकांना केलेल्या विक्रीवर हवा. डाउनलाइनच्या स्वतःच्या वापरावर एक तृतीयांशाहून जास्त नको. आणि कंपनीची ८० टक्के विक्री खऱ्या वापरकर्त्यांना झालेली नसेल तर वाटपच कमी करायचं. कोणी कोणावर किती पातळ्या कमिशन घ्यावं यात आयोग फारसा शिरला नाही. त्याने रुपयाचा उगम धरला. मला हे योग्य वाटतं. मी स्वतः आणखी दोन अटी घालीन: कमिशन टिकवण्यासाठी दरमहा स्वतः खरेदीची सक्ती नसावी, आणि कंपनीला प्लॅन एकतर्फी बदलता येऊ नये. करारातलं ते कलम बहुतेक जण वाचत नाहीत. माणूस रँकच्या उंबरठ्यावर आला की निकष वाढवले जातात, आणि ‘पॉलिसी अपडेट’ असा एक मेसेज येतो. अशा अटी पूर्ण करणाऱ्या योजना मी पाहिल्या आहेत, पण त्या एक-दोन पातळ्यांच्या साध्या एजन्सीसारख्या दिसतात, आणि त्यांच्या बैठकीत कोणी उड्या मारत नाही.

भावाशी वाद घालू नका, त्याला एकच कागद मागायला सांगा. अपलाइनचा चेकचा फोटो नको, गाडी नको. आयकर पोर्टलवरचं २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचं वार्षिक विवरण, मागा. कमिशनवर कंपनीला टीडीएस कापावा लागतो (सप्टेंबर २०२४ पर्यंत ५ टक्के, नंतर २ टक्के), त्यामुळे वर्षभराच्या कमिशनची रक्कम तिथे उतरते. त्यातून त्या लीडरची स्वतःची रिपर्चेस, हॉलचं भाडं, पेट्रोल, सेमिनारची तिकिटं वजा करा. एखादा खरोखर दाखवील, तेव्हा त्याच्या खालच्या दहा जणांचंही मागा. वरच्या एकाच्या कागदावर प्लॅन न्याय्य आहे की नाही ते कळत नाही, खालच्या दहांच्या कागदांवर कळतं.

आणि त्याचे पैसे आत्ताच गुंतले असतील तर आधी कराराची तारीख बघा. कूलिंग-ऑफची मुदत उरली असेल तर न उघडलेला माल परत करतोय असं ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने लिहून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर अपलाइनला सांगितलेलं धरलं जात नाही. मुदत गेली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. परताव्याची हमी देऊन पैसे घेतले असतील तर ती बाब पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेची, तिथे ठेवीदार संरक्षणाचा एमपीआयडी कायदाही लागू शकतो. प्लॅनचे फोटो, बैठकीचे मेसेज, पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका. त्याने स्वतः कोणाला जोडलं असेल तर त्यांची यादी आणि प्रत्येकाने भरलेली रक्कमही लिहून ठेवा, कारण चौकशीत तोही अपलाइनच ठरतो. थोडंफार कमिशन मिळून त्यावर टीडीएस कापला गेला असेल आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून तेवढा परतावा मागता येतो.